हनुवटीवरचे पाच ठिपके

रीनाने काडीला कापूस गुंडाळला, जिभेवर ओला केला आणि चित्रातल्या मरियमच्या गालावरून अलगद फिरवला. कापूस काळा झाला.

"अवं पोरी, देवीच्या तोंडाले थुका लावून राह्यली?" अंगण झाडणारी बुधरीबाई दारातून ओरडली.

"थुकाच लागते, बाई. रंगाले धक्का नाई, मेणबत्तीचा धूर तेवढा निघते."

रीना ब्रह्मपुरीची, जुनी चित्रं दुरुस्त करायचं शिकणारी. मुलचेऱ्याजवळच्या या लहानशा चर्चमधलं चित्र तिने हट्टाने मागून घेतलं होतं. रविवारपर्यंत चेहरा उजळला नाही तर त्या जागी फ्लेक्स लागेल, असं सुनिल फादरांनी बजावलं होतं. फ्लेक्सची गुंडाळी बाकाखाली तयारच होती. पोरीला त्याची मुळीच धास्ती नव्हती. आपल्या हातांवर तिचा भारी भरवसा, आणि हात होतेही तसेच.

दुपारपर्यंत गाल, नाक, ओठ उघडे झाले. हनुवटीवरचे पाच काळे ठिपके मात्र हटेनात.

"माश्यांची घाण," असं पुटपुटत तिने बारीक पातं उचललं.

"खरडू नोको!"

बुधरीबाई झाडू टाकून आत धावली. तिचे देव जंगलातले. इतकी वर्षं अंगण झाडूनही तिने चर्चचा उंबरठा ओलांडला नव्हता.

"काऊन, बाई?"

तिने स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. तिथे तसेच पाच ठिपके होते.

"गोंदण होय ते. माह्या मायचं. तिचं पाहूनच मी गोंदवलं. चित्रवाल्यानं तिले इथीच अंगनात बसवून ही देवी काढली."

रीनाने पातं खाली ठेवलं. स्वतःची तिला मनापासून लाज वाटली. मग तिने विचारलं, "आन मांडीवरचा येशू? तो पोरगा कोनाचा?"

"पोरगा कायचा वं!" बुधरीबाई बोळक्या तोंडाने हसली. "मीच होय ते."

ओरडा ऐकून आलेले सुनिल फादर दारातच थांबले होते. त्यांनी मरियमची हनुवटी पाहिली, मग बुधरीबाईची. बाकाखालचा फ्लेक्स बगलेत मारून ते निघून गेले.

बाळाचं तोंड अजून धुराने काळंच होतं. रीनाने काडीला नवा कापूस गुंडाळला आणि बुधरीबाईपुढे धरला.

"घ्या बाई. याले तुमचाच थुका लावा."