मळणीची घंटा

"माझ्या हातचा एक घास त्यांच्या पोटात जाणार नाही. आधीच सांगून ठेवते," हुल्डा ब्रेक्के नवऱ्यावर कडाडली.

"शिदोरी आणलीय त्यांनी छावणीतून," नेल्स खाली मान घालून म्हणाला. "आभाळ बघ जरा. गहू भिजला तर वर्षभर काय खायचं? दुसरी माणसं कुठनं आणू, तूच सांग."

त्याचंही खरं होतं. अमेरिकेत मिनेसोटातल्या त्या गावची तरणी पोरं दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेली होती आणि कामाला उरले होते जर्मन कैदी. मंदीच्या साली सरकारने बेकार पोरांसाठी काढलेल्या छावणीत त्यांना ठेवलं होतं. हुल्डाच्या लेकाने, ऑरिनने, तेव्हा तिथे झाडं लावली होती, बराकींवर छपरं ठोकली होती. यंदा वसंतात तो इटलीत मारला गेला. ज्यांनी त्याला मारलं त्यांचे भाऊबंद आता त्याच छपरांखाली झोपत होते. हे काही केल्या तिच्या गळी उतरत नव्हतं.

दुपारी मळणीला हातभार लावायला आलेल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांसाठी मांस, बटाटे, पाव टेबलावर मांडून तिने सवयीने अंगणातली घंटा वाजवली. मळणीच्या दिवशी घंटा झाली की शेतावर राबणाऱ्या प्रत्येकाने हात धुऊन पानावर यायचं, असा तिकडचा रिवाज. आज शेतावर कोण राबतंय, हे घाईत तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

कैदीही शेतकऱ्यांचीच पोरं. शेजारी निघालेले पाहून तेही पेंढ्या उचलायची दाताळी घेऊन घराकडे धावत सुटले.

"थांबा! दाताळी टाका, नाहीतर गोळी घालीन!" पहारेकऱ्याने बंदूक रोखली. तोही पोरगाच. बोट चापावर होतं.

सगळ्यांनी दाताळी टाकली. पुढच्या तांबूस केसांच्या पोराने मात्र भीतीने दाताळं आणखीच घट्ट धरलं. घालू दे गोळी, असं हुल्डाच्या मनात आलं. आलंच. मग स्वतःचीच शिसारी येऊन ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा! कैद्यांना घरात घ्यायचा हुकूम नाही!"

"घंटा मी वाजवलीय, मेल्या! माझ्या घंटेवर आलेल्याला माझ्याच दारात मारतोस?" तिने त्या पोराच्या हातातलं दाताळं काढून घेतलं. "चला, हात धुवा. आणि बंदूकवाल्या, तूही ये रे, तोंड बघ केवढंसं झालंय तुझं."

सगळे दाटीवाटीने बसले. तांबूस केसांचा पोरगा खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे वळला.

"तिथं नको!" नेल्स ओरडला. ती ऑरिनची खुर्ची होती. पोरगा चटका बसल्यासारखा मागे सरला.

"त्याला बाकावर जागा द्या," हुल्डा म्हणाली. मळणीच्या पंगतीत बायकांनी उभ्याने वाढायचं, आणि लग्न होऊन आल्यापासून ती तशीच वाढत आली होती. तिने एप्रन सोडला आणि लेकाच्या खुर्चीत जाऊन बसली.

"आज मी उठणार नाही. तुमचं तुम्ही वाढून घ्या."

कोणी हलेना. शेवटी नेल्स उठला, बटाट्यांचं पातेलं उचललं आणि आधी तिच्या ताटात वाढलं.