यल्लम्माची वाकळ

माझ्या सासूबाईंनी तरुणपणी अख्ख्या गल्लीला वाकळा शिवून दिल्या, पण जीव ओतून शिवली ती एकच, आणि तीही माझ्यासाठी नव्हती. मी फलटणची. लग्न होऊन आष्ट्याला आले त्याला तेवीस वर्षं झाली. दोन्ही बाळंतपणांत मी वाट बघितली, की सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, नातवंडासाठी जुन्या लुगड्यांची एखादी मऊ वाकळ शिवतील. "बाजारात ब्लँकेटं काय कमी हायती?" म्हणाल्या. मी ते विसरलेले नाही. मी सहसा काही विसरत नाही.

ती एक वाकळ होती एका नर्ससाठी. एलियाम्मा तिचं नाव, मूळची केरळची, मिरजेच्या एका दवाखान्यात नोकरीला. माझे मालक बाळासो दहा वर्षांचे असताना टायफॉइडनं बावीस दिवस तिथं पडून होते. पहिल्या दिवशी तिनं आपलं नाव सांगितलं आणि आत्यांना ऐकू आलं यल्लम्मा. खुद्द देवीच पांढऱ्या कपड्यात पोराच्या उशाशी आली असं वाटून रंगुबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, भर वॉर्डात तिच्यापुढं लोटांगण घातलं. "उठ रे बाई, मी देवी नाय, मी सिस्टर," असं ती म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. तिचं मराठी असंच, बाईमाणसालाही 'रे'.

घरची वाकळ वॉर्डात आणायला मनाई होती. तिनं ती चालवून घेतली. ताप हटेना तेव्हा स्वतःच्या गळ्यातला चांदीचा बारका क्रूस काढून पोराच्या गळ्यात बांधला. घरी जाताना आत्या तो परत द्यायला गेल्या, तर म्हणाली, "ठेव रे. मला लागेल तेव्हा मागतो." हे सगळं मी शंभरदा तरी ऐकलंय. त्यानंतर दिवाळीला ती आष्ट्याला आणि नाताळला आत्या मिरजेला, असं तीस-बत्तीस वर्षं चाललं. दोघी सोप्यात बसून तासन् तास बोलायच्या. माझ्याशी आत्या बोलायच्या त्या मीठ कमी आहे की जास्त आहे एवढंच.

निवृत्त होऊन ती गावाला गेली, तर दर रविवारी फोन. आत्यांना मोबाइल नको, म्हणून तो माझ्या मोबाइलवर. मी लावून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. मागच्या श्रावणात ती म्हणाली, "रंगू, इथं पाऊस थांबत नाय. हाडात थंडी बसला. तुझा ती वाकळ एक पाठव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी ट्रंक उघडली. आतल्या थरांना जुनेरं काढली ते ठीक. वरच्या थराला त्यांनी हिरवं इरकली लुगडं काढलं, तेव्हा मी भाकरी थापता थापता उठून आले. लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर, "हे माझ्या सुनंला" असं बोललं गेलेलं लुगडं होतं ते.

"आत्या, हे तर माझं ना?"

"तुला नऊवारी नेसायची हाय का?"

नव्हती नेसायची. पण ते माझं होतं.

आत्यांची नजर तोवर जवळजवळ गेलेली. टाका घालायचा, अंगठ्यानं चाचपायचा, मग पुढचा. कडेकडेनं सुरू करून फेरे घेत मध्याकडं जायचं. कडेचा एक कोपरा मात्र उघडा ठेवायचा आणि शेवटी त्यात भाकरीचा घास घालून शिवून टाकायचा. उपाशी वाकळ ऊब देत नाही, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी दहा सुया ओवून द्यायचं काम माझ्याकडं. माझ्याच लुगड्यात खुपसायला मीच सुया ओवत होते.

वाकळ निम्म्यावर आली आणि एका मंगळवारी फोन वाजला. एलियाम्माची भाची होती. हिंदीत म्हणाली, एलियाम्माला कॅन्सर निघालाय, शेवटचा टप्पा आहे, सारखी रंगू रंगू करतेय, एकदा बोलणं करून द्या.

आत्या माझ्यापासून दहा पावलांवर सोप्यात शिवत बसल्या होत्या.

"सासूबाई रानात गेल्यात," मी म्हणाले.

का म्हणाले ते सांगते, लपवायचं काय त्यात? फोन दिला असता तर त्या तिथंच सुई टाकून रडत बसल्या असत्या. केरळला घेऊन चला म्हणाल्या असत्या आणि बाळासो ऊस सोडून त्यांना घेऊन गेलेही असते. वाकळ अर्धवट राहिली असती. आणि मला ती पुरी व्हायला हवी होती, कारण जिच्यासाठी शिवली ती राहिली नाही तर वाकळ जाणार कुठं? घरातच राहणार. माझं लुगडं माझ्याकडं येणार.

गुरुवारी परत फोन आला. तेव्हाही आत्या रानात होत्या. शनिवारी भाची रडत होती, सगळं संपलं होतं. मी "फार वाईट झालं" म्हणाले, फोन बंद केला आणि सुया ओवायला घेतल्या.

आत्यांना सांगितलं, एलियाम्माला आता ऐकू येत नाही, भाची मेसेज लिहून पाठवते, मी वाचून दाखवेन. आत्यांना अक्षरओळख नाही. दसऱ्याला वाकळ पुरी झाली. शेवटच्या घासाला त्यांनी भाकरीचा तुकडा मागून घेतला, माझ्याकडं पाठ करून कोपरा शिवला. मी वाकळ पिशवीत घातली, स्टँडवर गेले, चहा प्याले, कुरिअर केलं म्हणून सांगितलं आणि ती माझ्या कपाटात तळाशी ठेवली. तो तुकडा अंगणात कोंबड्या टिपत होत्या. मी बघितलं, पण मनावर घेतलं नाही.

पुढच्या रविवारी आत्यांनी विचारलं, "पोचली का गं?"

"पोचली. लय ऊब आहे म्हणते."

"कोपरा उसवून घास बघ म्हणावं तिला."

दोन दिवसांनी मी मोबाइल समोर धरून वाचलं, "रंगू, कोपरा उसवला, घास खाल्ला. भाकरी गोड लागला."

"बरं," आत्या म्हणाल्या.

मग दर रविवारी आत्या हाक मारायच्या, "काय म्हणती यल्लम्मा?" आणि मी वाचायचे. तिथला पाऊस, तिचे गुडघे, शेजारणीची भांडणं. तिच्यासारखं 'रे' लावून बोलणं मला छान जमायला लागलं. बाळासो उंबऱ्यात बसून ऐकायचे. तीन महिने असं चाललं.

जानेवारीत आत्यांना थंडीताप भरला. तीन ब्लँकेटं घातली तरी खाट हलत होती. दुपारची वेळ होती. त्यांना आता दिसत नाहीच, असा विचार करून मी कपाटातून ती वाकळ काढली आणि अंगावर घातली.

आत्यांचा हात बाहेर आला. अंगठा काठावरून सरकत गेला, एक टाका, दुसरा टाका, कोपऱ्यापाशी थांबला.

"कात्री आण. उसव हितं."

मी उसवलं. आतून क्रूस पडला माझ्या तळहातावर.

"ह्यो घास घातलता," आत्या म्हणाल्या. "तिचा तिला. गोड लागला व्हय गं?"

मी बाळासोंकडं बघितलं. ते उंबऱ्यातच होते.

"घास खाल्ला म्हणून तू वाचलंस, त्याच दिवशी आईनं मला फोन लावाय लावला," ते म्हणाले. "भाचीनं सगळं सांगितलं. आई म्हणाली, गप ऱ्हा. ऐकू या ही काय काय वाचती ते."

"मी रानात हुते म्हणं," आत्या म्हणाल्या. "ती माझ्या नावानं वरडत मेली आन् मी रानात हुते."

तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे पाय धरले. "आत्या, चुकलं माझं."

त्यांनी पाय ओढून घेतले. वाकळ अंगावरून काढली आणि माझ्या खांद्यावर टाकली. दात वाजत होते तरी ब्लँकेटाला हात लावला नाही.

"घे. तुझं लुगडं हाय न्हवं? आज वार कुठला?"

"रविवार," बाळासो म्हणाले.

"मग काढ त्यो मोबाइल. वाच. काय म्हणती यल्लम्मा?"

मला वाटलं, रागानं बोलतायत, थांबतील. त्या थांबल्या नाहीत.

"वाच की," बाळासो म्हणाले.

मी मोबाइल समोर धरला. तो चालूसुद्धा नव्हता. "रंगू," मी वाचायला लागले, "इथं पाऊस थांबत नाय रे."