नानाजींचे पाय आणि माझी चाकं

मित्रांनो, तुम्ही ज्या पायांनी धावता त्यांचं मोल माझ्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल. मी चाकांची एक जुनी खुर्ची आहे.

नवी होते तेव्हा माझं निळं रेग्झिन चकचकायचं. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं काढली. ऑपरेशन झालेली माणसं माझ्यात बसत आणि बरी झाली की आपल्या पायांनी घरी जात. जाताना कुणी मला थोपटायचं. पुढे नव्या खुर्च्या आल्या. मी जिन्याखाली धूळ खात पडले आणि मग एका वृद्धाश्रमाला दान झाले.

इथे मात्र माझा जीव अवघडला. म्हाताऱ्यांना सांभाळायला एकट्या कांताबाई. जाहिरात वाचून बाया यायच्या. पण काम दिवसभराचं, आणि लेकरू सोबत आणायचं नाही, असा व्यवस्थापक चारुशीलाताईंचा नियम. कांताबाई म्हणायच्या, पंख्याखाली पाणी पितात अन् जातात.

इथेच राहणाऱ्या नानाजींचं आयुष्य गांधीबागेतल्या कापड दुकानात उभ्याने गेलेलं. पडून पाय दुखावला. रोज धरून चालवा, नाही तर चालणं कायमचं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण धरणार कोण? सकाळी त्यांना माझ्यात बसवलं की संध्याकाळपर्यंत ते तसेच.

"मले बसवून ठेवू नको वं," ते म्हणायचे. "पाय चालणं विसरून राहिले माहे."

"मले काय चार हात हायेत, नानाजी? बसा गुमान." कांताबाई असं म्हणायच्या, पण नजर चुकवून.

खुर्ची होती म्हणून निभलं, असं लोक म्हणत. मला ते ऐकवत नसे.

मग दीक्षा आली. माहेर पारशिवनीचं, रुग्णसेवेचं शिकलेली, कडेवर लहानगी गुंजन. ताईंनी तिलाही नियम सांगितला. ती निघाली, तेवढ्यात नानाजी म्हणाले, "जाता जाता मले उभं करशीन का, पोरी?"

दीक्षाने लेकीला खाली ठेवलं आणि नानाजींना उठवून पलंगाच्या दांडीला धरून उभं केलं. गुंजन रडायला लागली. तेव्हा दीक्षाने तिला माझ्यात बसवलं, नानाजींचे हात माझ्या मुठींवर ठेवले आणि एका हाताने त्यांची कंबर, दुसऱ्याने मला घट्ट धरलं.

नानाजींनी पाऊल टाकलं. मी हळूच सरकले. गुंजन रडता रडता खिदळली. ते थांबले, दम घेतला, पुन्हा पाय उचलला. असं करत व्हरांडा आला.

"नवरदेव निघाला वाटते," कांताबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

चारुशीलाताई दारातून पाहत होत्या. जरा वेळाने त्यांनी दीक्षाला विचारलं, "किती वेळ येऊ शकशील?"

"दुपारपर्यंत, मॅडम. पण पोरीले घेऊन."

"ये मग. नियमाचं मी बघते."

आता दुपारनंतर सरिता नावाची दुसरी बाई कामाला येते, तिच्या बाळासकट. बाकीच्या जागा अजून रिकाम्याच आहेत. नानाजी मात्र रोज चालतात, आणि थकले तरच माझ्यात बसतात.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या सोयीसाठी बसवून ठेवू नका. आणि जी बाई परक्याचा हात धरायला येते, तिच्या लेकरालाही जागा द्या. ढकलाल तिकडे मी जाईन. पण कुणाला उभं करणं मला जमत नाही. त्याला माणूसच लागतं.