मानेवरचे मर्म

"मारायला शिकवता, मग मानेचं मर्म का लपवता, अच्छन?" भरतनने भर कळरीत, युद्धकलेच्या आखाड्यात, बापाला, म्हणजे केळप्पन गुरुक्कळांना विचारले, आणि त्यांच्या हातातला हत्तीच्या सोंडेसारखा वाकडा दंडुका त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा घाव बरगडीवर, तिसरा छातीवर. पोरगा लाल मातीत कोसळला. फुटलेल्या ओठाचे रक्त हनुवटीवर ओघळले.

"ज्याला राग आवरत नाही, त्याच्या हाती मरण देऊ?" गुरुक्कळ गरजले.

भरतन उठलाच नाही. त्याच्या गळ्याची शीर पाखरू कोंडल्यासारखी फडफडत होती.

गावच्या इस्पितळात यंत्राच्या पडद्यावर करवतीच्या दातांसारखी दाट रेघ धावू लागली. मिनिटाला दोनशे दहा ठोके.

"हृदयातली वीज एकाच वेटोळ्यात अडकलीय," डॉक्टर रम्ला म्हणाल्या. "औषध संपलंय. मानेतली नस चेतवून बघते. ती हृदयाला लगाम घालते."

त्यांची बोटे भरतनच्या जबड्याखाली टेकली मात्र, गुरुक्कळांनी त्यांचे मनगट धरून पिरगळले. हाड कटकन वाजले.

"तिथं दाबलं की माणूस मरतो! माझ्या याच अंगठ्यानं गेलाय एक जण."

रम्लांचा चेहरा पांढरा पडला. "मग आता तुम्हीच दाबा, गुरुक्कळ. जागा मी दाखवायला नको. पाच मोजेपर्यंत चोळायचं, हलक्या हातानं. नाहीतर पोरगं जाताना बघत उभे राहा."

ज्याने घाव घातला, उतारा त्यानेच द्यायचा, हा कळरीचा नियम. गुरुक्कळांनी अंगठा टेकला. चोळला. पाचव्या अंकाला रेघ सपाट झाली.

"उचला!" रम्ला ओरडल्या.

अंगठा उचलला, तरी रेघ सपाटच. एक क्षण. दोन. तीन. पूर्वी याच अंगठ्याखाली गेलेल्या त्या माणसाचे उघडे राहिलेले डोळे गुरुक्कळांना समोर दिसले. मग एक ठोका उमटला, थांबून दुसरा, आणि मग संथ, सारख्या अंतराने पुढचे.

भरतनने डोळे उघडले आणि जबड्याखाली बोट टेकले. "हेच ना ते मर्म?"

"हेच."

"म्हणजे शिकलो मी."

"जागा कळली तुला. अंगठा कधी उचलायचा, ते मलाही आजच कळलं."

मग ते रम्लांसमोर खाली बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. "द्या मनगट. मोडलं मी, बसवायचंही मलाच."

"आधी एक्स-रे," मनगट छातीशी धरून रम्ला म्हणाल्या. "आणि तुम्ही जरा लांब बसा."