पुढे सरकलेलं वजन

मुद्रितशोधकाने आणखी एक कागद चुरगळला आणि टेलरबाईंचं पत्र पुन्हा चष्म्याजवळ नेलं. पत्र येऊन वर्ष झालं, उत्तर गेलं नव्हतं. प्रश्न एवढाच होता: 'त्या दिवशी विमान खरंच माझ्यामुळे सावरलं, की मला बरं वाटावं म्हणून पायलट तसं म्हणाला? तुम्ही पुस्तकं वाचणारे. खरं ते कळवा.'

बेटावर जाणारं ते लहानसं विमान. चढण्याआधी प्रत्येकाला काट्यावर उभं करत आणि वजन बघून जागा देत. टेलरबाई काट्यावर चढल्या तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आता कसलं उडतंय विमान!" सगळे हसले. बाई पदराशी चाळा करत राहिल्या.

उडाल्यावर थोड्याच वेळात सामानाचा पट्टा तुटला. खिळ्यांच्या पेट्या घसरत शेपटाकडे गेल्या. विमानाचं नाक वर उठलं, वेग उतरू लागला.

"पुढे या! जमेल तितके पुढे!" पायलट ओरडला.

सगळे खुर्च्यांना चिकटून बसलेले. उठल्या त्या टेलरबाई. जाता जाता त्यांनी वाटेतल्या खुर्चीवरच्या मुद्रितशोधकाला मनगट धरून ओढलं आणि पायलटच्या पाठीशी जमिनीवर बसकण मारली.

"या हो भाऊ. आज वजनाची लाज कसली?"

मग बाकीचेही सरकले. नाक हळूहळू खाली आलं.

"अहो, वर्षभर विमानांची एवढी पुस्तकं पालथी घातलीत. काय निघालं?" बायकोने चहा ठेवत विचारलं.

"वजन जितकं पुढे जाईल तितका त्याचा जोर जास्त. बाई पार पुढे होत्या. पण आम्हीही गेलो ना. नेमकं कोणाच्या वजनाने, हे छातीठोक कसं सांगू? चुकलं तर?"

"त्या उठल्या नसत्या तर तुम्ही उठला असता?"

तो आपल्या मनगटाकडे बघत राहिला. चहावर साय धरली.

"नाही."

"मग झालं तर!"

त्याने नवा कागद घेतला. 'हो, तुमच्यामुळेच. मी आज चहा पितोय, तोही.' सवयीने चुका शोधायला पेन्सिल उचलली आणि तशीच खाली ठेवली.

टपाल कचेरीतल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं.

"काहीच वजन नाही हो, आजोबा. साधं तिकीट पुरे."

"मोठंच लावा," तो म्हणाला, आणि पाकीट स्वतःच्या हाताने पेटीत सोडलं.