मॅडमची उंची

शुभदा मगदूमच्या समुपदेशनाच्या क्लिनिकमधून माणसं अनवाणी घरी जायची. येताना चपला घालून येत, दारात काढत, आत बसून रडत, बोलत, नाक शिंकरत, आणि जाताना अनवाणीच जिना उतरत. हलकी होऊन. देवळातून चप्पल चोरीला गेली तर हळहळू नये, पीडा गेली म्हणावं, असं आपल्याकडं म्हणतातच. इथं फक्त चोर नव्हता. माणूस रस्त्याला लागला की चपला आपणहून उंबरा ओलांडून आत येत आणि शुभदाच्या पायात चढत.

एकावर एक. कोल्हापुरी, तिच्यावर रबरी स्लीपर, तिच्यावर कुणा वकिलाचे बूट. सगळ्यांत खाली तिच्या स्वतःच्या, तपकिरी, बक्कलवाल्या. आई गेली त्या दिवशी घातलेल्या, तेव्हापासून काढायला सवडच झाली नव्हती. त्या आठवड्यातही तिनं क्लिनिक उघडं ठेवलं होतं. लोकांना केवढं कौतुक! "मॅडम म्हणजे खंबीर बाई." खंबीर कसली डोंबलाची. थांबलं तर कोसळू या भीतीनं चालत होती, एवढंच.

अशी शुभदा उंच होत गेली. स्वयंपाकघराच्या चौकटीला कपाळ आपटायला लागलं. तिच्या नवऱ्यानं, अभयनं, मुकाट्यानं पंख्याचा दांडा आखूड करून घेतला आणि मग विचारलं, "पाय दुखतात का गं?"

"छे हो."

"चेपून देऊ थोडे?"

"दुखत नाहीत म्हटलं ना!" ती वसकन अंगावर गेली. दिवसभर परक्यांशी मधाळ बोलायचं आणि घरच्या माणसावर असं खेकसायचं. तिची तिलाच लाज वाटली. तरी माफी मागवेना.

महिला मंडळात मात्र ती ठणकावून सांगायची, "दात दुखला तर लपवता का? मग मन दुखलं तर सांगायला लाज कसली?" टाळ्या पडायच्या. आणि आपणही कुणाकडं तरी जावं, असं नुसतं मनात आलं तरी बाईंचे कान तापायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मग रेश्मा मुजावर आली. शाळेत शिकवणारी, तिचं बाळ पोटातच गेलेलं. ती हलक्या आवाजात बोलत होती आणि शुभदाला ऐकू येत होतं ते फक्त वकिलाच्या बुटांचं करकरणं. रेश्मा मध्येच थांबली.

"मॅडम, मी आत्ता काय म्हणाले?"

"हं. बोला ना."

"नाही, काय म्हणाले मी?"

रेश्मा उठली, दारात जाऊन तिनं चपला घातल्या, पट्टा ओढून घट्ट केला आणि चपलांसकट जिना उतरून गेली. असं आजवर कधी झालं नव्हतं. ही बाई आपलं दुःख जसंच्या तसं घरी घेऊन चालली होती. हाक मारायला हवी होती. शुभदानं तोंड उघडलंही. पण मनात आलं ते भलतंच: बरं झालं, एक जोड टळला.

ते मनात आलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऐकूच येत नसेल तर त्या खुर्चीत बसायचा आपल्याला अधिकार काय? उद्या येणारी माणसंही अशीच पायात ओझं घेऊन परत गेली तर?

तिनं मिरजेच्या बिराजदार बाईंना फोन केला. बाई याच कामातल्या, तिच्यापेक्षा कितीतरी जुन्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्कूटरवर निघाली, डोळे सोडून सगळ्या तोंडाला स्कार्फ गुंडाळून, वर गॉगल. पाय स्कूटरवर मावत नव्हते. गाडी तिनं मुद्दाम पलीकडच्या गल्लीत लावली.

बाईंच्या दाराबाहेरच्या बाकावर रेश्मा बसली होती.

"मॅडम, तुम्ही?"

स्कार्फ बांधून काय उपयोग! एवढी उंच बाई सांगली-मिरजेत दुसरी होती कोण?

"जरा काम होतं," शुभदा स्कार्फच्या आतून म्हणाली.

"माझंपण," रेश्मा म्हणाली.

आतून बिराजदार बाईंचा आवाज आला, "पायातलं काढून या हं."

शुभदा काढायला लागली. वकिलाचे बूट निघाले, स्लीपर निघाल्या, कोल्हापुरी निघाली. निघेल तो जोड उंबरा ओलांडून आत जात होता आणि शुभदा तेवढीच बुटकी होत होती. शेवटी तपकिरी चपला उरल्या. बक्कल मांसात रुतलं होतं. तिला ते सुटेना.

रेश्मा बाकावरून उठली, फरशीवर बसली आणि तिनं शुभदाचा पाय उचलून मांडीवर घेतला.

"अहो, नको! पायाला हात नका लावू."

"हलू नका."

जिचं दुःख आपण धड ऐकलंही नाही, ती आपला पाय मांडीवर घेऊन बसलीय. शुभदाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बक्कल सुटलं. पाय पांढराफटक, सुरकुतलेला होता. फरशी त्याला गार लागली आणि तिच्या तोंडून निघालं, "आई गं." मग तिला रडू आवरेना. स्कार्फ ओला झाला.

दार उघडलं. बिराजदार बाई चौकटीखालून वाकून उभ्या होत्या. त्यांच्या पायांत गुडघ्याएवढे थर होते, सगळ्यांत वर शुभदाच्या पायातून निघालेली कोल्हापुरी.

"बाई, तुमच्याकडंच आधी एवढं..." शुभदा म्हणाली.

"तर काय! परवाच कोल्हापूरला जाऊन उतरवून आले. माझ्याही बाई आहेत तिथं. या आत."

शुभदानं आपली काढलेली चप्पल शोधली. ती आत गेली नव्हती. ती रेश्माच्या चपलेवर चढून तिच्या पायात बसली होती, अगदी मापाची. रेश्माचं तिकडं लक्षच नव्हतं.

"दुसरीपण काढू का, मॅडम?" तिनं मान वर करून विचारलं. तिचा हात बक्कलावर होता.