मोसंबीची ओटी

"विमा मेल्यावर मिळतो," पोपट म्हणाला. "वखारीच्या मालकाचा भाऊ गेला, तेव्हा त्याच्या बायकोला मिळाला. तू तर चांगली जिती बसलीयेस."

"हा तसला नाय. हा जित्या माणसाचाच आहे," भाकरी थापता थापता हौसाबाई म्हणाली.

ती ठाण्याच्या गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. कामगारांच्या विम्याची योजना नव्यानेच आली होती. पगारातून त्याचे पैसे कापले गेले की खात्यातल्या बायका सरकारच्या नावाने बोटं मोडत, आणि त्यात हौसाबाईचा आवाज सगळ्यांत मोठा असे. मग एक दिवस अंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. विम्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, कॅन्सर दिसतोय, ऑपरेशन परळच्या इस्पितळात होईल, तुम्हाला काही द्यावं लागणार नाही.

पोपटला परळ नको होतं. तो लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचा. त्याला विमा नव्हता आणि रजाही नव्हती. ठाण्याच्या बाजारातले एक डॉक्टर दवाखान्यामागच्या खोलीत ऑपरेशनं करत. तिथेच करू, असं त्याने मनात पक्कं केलं होतं.

"गळ्यातली माळ मोडू. कळव्यातनं रोज पूल ओलांडून डबा घेऊन येईन. परळला तू एकटी पडणार. कोण बघायला येणार तुला?"

"डबा करणार कोण?"

पोपटला चहासुद्धा उतू न घालवता करता येत नसे.

हौसाबाईला मरणाची भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. पण तिने विम्याच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, बाजारातले डॉक्टर कापतातच की, मग एवढ्या लांब कशाला. डॉक्टर म्हणाले होते, "ते गाठ काढतील. परळला गाठीबरोबर तिची मुळंही काढतात. त्यांचं रोजचं तेच काम आहे."

"माझ्या पगारातनं पैशे गेलेत," ती नवऱ्याला म्हणाली. "मी जाणार."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिने चादरीखाली हात घालून पाहिलं. उजवी बाजू सपाट होती. त्या दिवशी ती पदर तोंडात कोंबून रडली. पुढे पदर उजव्या खांद्यावरून ओढून घट्ट खोचायची सवयच लागली. नर्सखेरीज कोणाला दिसू द्यायचं नाही, हा तिचा नेम झाला.

पण मग एक नवलच घडू लागलं. सवयीने तिला पहाटे जाग यायची आणि भरायला पाणीच नसायचं. चूल नाही, गिरणीचा भोंगा नाही. ती पडल्या पडल्या स्वतःशीच हसायची. कोणीतरी रांधलेलं कोणीतरी आणून वाढत होतं आणि वर "आणखी घ्या" म्हणत होतं. आई गेल्यापासून असं कोणी म्हटलं नव्हतं. भावाने तर माहेरचं दारही बंद केलं होतं.

"हे माझं माहेर झालं बघा," ती शेजारच्या खाटेवरच्या सुमतीबाईंना म्हणाली.

"कमाल आहे तुमची," सुमतीबाई हसल्या. "या इस्पितळाला माहेर म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या असाल."

सुमतीबाई डोंबिवलीच्या. यजमान हेडक्लार्क, पगार विम्याच्या मर्यादेपेक्षा जास्त, म्हणून त्यांना ही योजना लागू नव्हती. ओळखीचे डॉक्टर घराजवळच होते. पहिलं ऑपरेशन तिथे झालं, सगळं गणगोत भेटायला आलं, आणि वर्षाच्या आत गाठ पुन्हा आली.

"आम्हाला तेव्हा कोणी पाठवलंच नाही हो इकडे," त्या एकदा म्हणाल्या. "तुम्हाला पाठवलं, हे फार बरं झालं."

हौसाबाईचा उजवा हात वर जात नव्हता, म्हणून तिची वेणी सुमतीबाई घालत. त्या बदल्यात हौसाबाई गिरणीतल्या मुकादमाची नक्कल करून दाखवी. टाके दुखतील म्हणून सुमतीबाई छातीशी हात दाबून हसत.

घरी जायचा दिवस आला. हौसाबाई गाठोडं बांधत होती.

"थांबा," सुमतीबाई म्हणाल्या. "माहेराहून रिकाम्या ओटीने जाता होय?"

त्यांनी आयाकडून स्वयंपाकघरातले तांदूळ मागवून ठेवले होते. नारळ मिळाला नव्हता, म्हणून भेटीला आलेल्यांनी दिलेली मोसंबी होती. त्यांनी हौसाबाईला कुंकू लावलं. हौसाबाई घुटमळली. ओटी घ्यायची तर पदर सोडून दोन्ही हातांनी पुढे धरायला हवा.

उजवा हात वर जात नव्हता, पण कमरेपर्यंत येत होता. ओटीला तेवढा पुरतो. तिने खोचलेला पदर सोडला आणि पसरला. सुमतीबाईंनी ओंजळीने तांदूळ घातले, वर मोसंबी ठेवली.

"माहेरी परत यायचं असतं हं."

"मी तर येणारच तपासायला. आधी तुम्ही बऱ्या होऊन कळव्याला या. बोंबील नाय घालणार, भरली वांगी घालीन," हौसाबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

फाटकाशी पोपट उभा होता. मालकाशी भांडून तो आला होता. त्याने गाठोडं घेतलं आणि तिच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"पदरात काय आहे गं?"

"ओटी. माहेरची."

त्याने मान डोलावली. पदर पुढे धरून ती त्याच्याबरोबर चालू लागली. तो पदर छातीवर ओढायला हात मोकळा नव्हता, आणि ओढायचा असतो याची तिला आठवणही झाली नाही.